‘नेट गेले’ म्हणजे नेमके काय गेले?

महिन्याची ११ तारीख, सायंकाळचे साडेसात. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी रचना असलेली व्यापारी घरे नाशिकच्या सराफ बाजार, भांडी बाजार, रविवार कारंजा या परिसरात आजही आहेत. अशा घरात सूर्यास्तापूर्वीच जेवणे आटोपलेली असतात, दुकानाचे शटर अर्धे खाली आलेले असते आणि घरातील कर्ता मुलगा वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून महिन्याचे विवरणपत्र भरायला बसतो. चार बीजके व्यवस्थित चढतात, पाचव्याला पडद्यावरचे चक्र फिरत राहते. ‘नेट गेले’ अशी हाक जिन्यावरून खाली जाते. पुढचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. कोणी राउटर बंद करून पुन्हा चालू करतो. काका म्हणतात, कंपनी बदला. धाकटा म्हणतो, नवा राउटर आणा. स्वयंपाकघरातून वहिनी सांगतात, ‘माझ्या मोबाईलवर तर छान चालले आहे.’ त्या गडबडीत या शेवटच्या वाक्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. वास्तविक त्या सायंकाळी बोलले गेलेले सर्वांत उपयोगी वाक्य तेच असते. वहिनींना फक्त एवढेच विचारायचे राहते की, मोबाईल घरच्या वाय-फायवर आहे की सिमच्या नेटवर?

हा प्रश्न क्षुल्लक नाही, कारण ११ तारीखही क्षुल्लक नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला आपल्या विक्रीचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-१, पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यावा लागतो. त्या तपशिलाच्या आधारे १४ तारखेला खरेदीदाराच्या नावे जीएसटीआर-२बी हे पत्रक तयार होते. विक्रेत्याची बीजके वेळेत चढली नाहीत, तर ती त्या महिन्याच्या पत्रकात येत नाहीत आणि खरेदीदाराला मिळणारे कराचे क्रेडिट महिनाभर पुढे जाते. म्हणजे नेट आपले तुटते आणि पैसा अडकतो तो गिऱ्हाइकाचा. पूर्वी पेढीची पत हुंडी वेळेवर सकारण्यावर ठरत असे. आज मालेगावचा किंवा मनमाडचा खरेदीदार १४ तारखेला पत्रक उघडतो आणि त्यात आपल्या पुरवठादाराचे नाव शोधतो. पतीची परीक्षा तिथे होते. २० तारखेचे जीएसटीआर-३बी चुकले तर विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये, शून्य व्यवहार असल्यास २० रुपये, आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या पेढ्यांना व्यापाऱ्यांमधील विक्रीसाठी ई-बीजक सक्तीचे झाले. ५०,००० रुपयांवरील माल परराज्यात पाठवायचा तर ई-वे बिल हवे. टेम्पो दारात उभा, हमालांनी माल चढवलेला आणि वर लॅपटॉपवर चक्र फिरते आहे, हे दृश्य आता कोणत्याही बाजारपेठेत अनोळखी राहिलेले नाही.

अडचणीचे खरे मूळ ‘नेट गेले’ या दोन शब्दांतच आहे. ही एक तक्रार नसून निदान तीन वेगवेगळ्या तक्रारी एकाच नावाने ओळखल्या जातात. बाहेरून घरापर्यंत येणारी तार ही पहिली कडी. राउटरपासून लॅपटॉपपर्यंतची हवा ही दुसरी. लॅपटॉप स्वतः ही तिसरी. चौथीही एक आहे, ती म्हणजे ज्या संकेतस्थळावर आपण काम करतो ते संकेतस्थळ. शेवटच्या तारखेला सारा देश एकाच वेळी तिथे धाव घेतो तेव्हा तेही मंदावते, आणि मग आपण आपल्या निर्दोष राउटरला दहा वेळा बंद-चालू करीत बसतो. कोणती कडी तुटली हे ठरवण्यापूर्वी केलेला प्रत्येक खर्च अंदाजाचा असतो.

या कामात व्यापारी कुटुंबाला एक मोठी अनुकूलता आहे, आणि ती तंत्रज्ञानाची नव्हे, हिशेबाची आहे. तेरीज जुळत नसेल तर जुना मुनीम संपूर्ण खतावणी नव्याने लिहायला बसत नसे. तो आधी फरकाचा आकडा पाहत असे. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. ४५० च्या जागी ५४० लिहिले की ९० चा फरक पडतो. फरकाची निम्मी रक्कम वहीत कुठे सापडली, तर ती नोंद नावेच्या जागी जमेकडे गेली असावी असा तर्क. म्हणजे चुकीचा आकारच चूक कुठल्या जातीची आहे ते सांगतो. तुटणाऱ्या वाय-फायचेही तसेच आहे. ते एका विशिष्ट जागी तुटते, एका विशिष्ट वेळी तुटते, की एकाच विशिष्ट यंत्रावर तुटते? जागा दोषी असेल तर भिंती पाहाव्या, वेळ दोषी असेल तर शेजार पाहावा, यंत्र दोषी असेल तर त्या यंत्राच्या आत डोकवावे. एवढी विभागणी झाली की अर्धे काम संपले.

ती करायला पैसा लागत नाही. लॅपटॉप चालत नाही त्याच क्षणी, त्याच खुर्चीवर, त्याच वाय-फायवर एखादा मोबाईल तपासावा. मात्र मोबाईलचा सिमवरील डेटा आधी बंद करावा, अन्यथा मोबाईल मुकाट्याने सिमच्या नेटवर जातो आणि आपली फसगत होते. मोबाईल चालला आणि लॅपटॉप अडला, तर संशय लॅपटॉपवर. दोन्ही अडले, तर लॅपटॉप उचलून राउटरशेजारी न्यावा. तिथे चालला तर दोष मधल्या अंतराचा. तिथेही अडला तर राउटर आणि लॅपटॉप एका साध्या लॅन तारेने जोडून पाहावे. तारेवरही अडले तर वाय-फायचा त्यात काही दोष नाही. दोष बाहेरच्या तारेचा, राउटरचा किंवा त्या संकेतस्थळाचा आहे. फायबरची जोडणी असेल तर भिंतीवरच्या डबीकडे एकदा पाहावे. तिच्यावर एलओएस असे लिहिलेला दिवा लाल झाला, तर प्रकाशाचा संकेत घरापर्यंत पोचलेलाच नाही असा त्याचा अर्थ. रस्ता खोदताना तार तुटली असेल किंवा घरातच कपाटामागे ती दुमडली असेल. फायबर ही काचेची तार आहे. तिला तीव्र वळण सोसत नाही.

याहून नेमके हवे असेल त्याच्यासाठी एक जुनी, भरवशाची युक्ती आहे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडाव्या. एकीत इंग्रजी अक्षरांत ‘पिंग’, मग ‘-टी’ आणि मग राउटरचा पत्ता टंकावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो व राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर सापडतो. दुसरीत तसेच करून पत्त्याच्या जागी ८.८.८.८ लिहावे, तो गूगलचा एक सार्वजनिक पत्ता आहे. आकडे अर्थातच इंग्रजी द्यावेत. दोन्ही खिडक्यांत दर सेकंदाला एक ओळ उमटत राहते. पहिली खिडकी राउटरपर्यंतचा रस्ता तपासते, दुसरी थेट बाहेरच्या जगापर्यंतचा. नेट अडखळले तेव्हा दोन्ही खिडक्यांत खंड पडला, तर बिघाड घरातल्या हवेत किंवा लॅपटॉपमध्ये आहे. पहिली अखंड चालली आणि दुसरीच तुटली, तर घर निर्दोष आहे. सेवा देणाऱ्या कंपनीला दूरध्वनी करावा. दोन्ही अखंड चालूनही जीएसटीचे पान उघडत नसेल, तर ते पानच गर्दीत अडकले असण्याचा संभव अधिक. कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबली की तपासणी थांबते.

पडद्याच्या कोपऱ्यातील वाय-फायच्या कमानी पूर्ण भरलेल्या दिसतात म्हणून अनेक जण गोंधळतात. ‘सिग्नल तर पूर्ण आहे, मग नेट का नाही?’ नाशिककरांना याचे उत्तर गोदाकाठावरच सापडेल. पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आले की छातीपर्यंत, हे पाहून काठावरच्या बाजारातील दुकानदार माल वर हलवायचा की नाही ते ठरवतात. मारुती पाण्याची उंची अचूक सांगतो, पण गंगापूर धरणातून आणखी किती पाणी सुटणार हे त्याला विचारून उपयोग नाही. वाय-फायच्या कमानीही तेवढेच सांगतात की राउटरचा आवाज लॅपटॉपला किती मोठ्याने ऐकू येतो. राउटरच्या पलीकडे नेट आहे की नाही, याची त्यांना वार्ता नसते.

आता त्या मधल्या हवेकडे वळू. घरगुती वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालते, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर, दुसऱ्याची पाच-सहा सेंटीमीटर. लांब लहर भिंतीतून तुलनेने बरी पार होते पण तिचा वेग कमी. आखूड लहर वेगवान पण भिंतीला लवकर हार खाते. जुन्या नाशकातील वाड्यांच्या जाड भिंती, दगडी जोती आणि अंधारे जिने उन्हाळ्यात घर थंड ठेवतात. वाय-फायला मात्र त्या नडतात. खालच्या मजल्यावर ओटीजवळ बसवलेल्या राउटरची ५ गिगाहर्ट्झची लहर वरच्या मागच्या खोलीत पोचेल अशी अपेक्षाच करू नये. गंगापूर रोड, कॉलेज रोडवरील नव्या सदनिकांतही सारे सुरळीत असते असे नाही. तिथल्या स्लॅबमध्ये लोखंडी गजांची जाळी असते आणि धातू या लहरींना पार जाऊच देत नाही, परतवून लावतो.

धातूचा हा मुद्दा नाशिकमध्ये विशेष लागू पडतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे शहर पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. भांड्यांच्या दुकानात जमिनीपासून छतापर्यंत हंडे, कळशा, पातेली आणि स्टीलचे डबे रचलेले असतात. लहरींच्या दृष्टीने ते आरशांचे दालन आहे. राउटर फळीवर हंड्यांच्या मागे सरकवला, तर गल्ल्यावरच्या लॅपटॉपपर्यंत थेट लहर पोचतच नाही. पोचतात ते इकडून तिकडून आपटून आलेले तुकडे. घरातील लोखंडी कपाट, मोठा आरसा, तिजोरी, पाण्याची टाकी, माशांची पेटी हेही याच वर्गात मोडतात. पाणी या लहरी शोषून घेते. राउटर दिसायला बरा नाही म्हणून त्याला टीव्हीमागे किंवा काचेच्या शोकेसमध्ये लपवण्याची प्रथा तर फारच महागात पडते. तो उंचावर, मोकळा आणि शक्यतो जिथे काम चालते त्या खोलीच्या दृष्टीत असावा. दोन हात डावीकडे सरकवल्याने सुटलेली तक्रार नव्या राउटरनेही सुटली असती, पण फुकट सुटली नसती.

आपटून आलेल्या या तुकड्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. वाय-फायचे पहिले सर्वमान्य मानक १९९७ मध्ये आले. खोलीच्या भिंतींवरून, फर्निचरवरून परावर्तित होऊन एकच संदेश वेगवेगळ्या क्षणी अनेकदा पोचतो आणि त्याचा काला होतो, ही घरातल्या बिनतारी संपर्काची मोठी अडचण होती. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओ’सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तिच्यावर उपाय शोधला. संदेश एकाच वेगवान धारेत न पाठवता अनेक संथ धारांत वाटून पाठवायचा, म्हणजे प्रतिध्वनी आला तरी अर्थ बिघडत नाही. ओ’सलिव्हन हे मूळचे रेडिओ खगोलशास्त्राच्या क्षेत्रातले. स्फोट पावणाऱ्या सूक्ष्म कृष्णविवरांचा क्षीण संकेत शोधताना वापरलेले गणित त्यांना इथे उपयोगी पडले. कृष्णविवरे सापडली नाहीत. मात्र त्या पेटंटच्या हक्कांतून संस्थेला पुढे ४३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. फसलेल्या शोधाचा एवढा नफा व्यापाराच्या इतिहासातही विरळाच.

याच संस्थेच्या पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने नंतर दोष शोधण्याचाही एक धडा दिला. तिच्या नोंदींत १९९८ पासून मधूनमधून एक विचित्र संकेत उमटत होता. आकाशातून यावा तसा, पण आकाशातला नसावा असा संशय घेण्याजोगा. २०१५ मध्ये उलगडा झाला. दुर्बिणीच्या परिसरातील मायक्रोवेव्ह भट्टीचे दार कोणी वेळ संपण्याआधीच उघडले की तो संकेत उमटत असे. उलगडा झाला तो तर्काने नव्हे, नोंदीने. आवारात बाहेरच्या लहरी टिपणारे स्वतंत्र यंत्र बसवले गेले आणि प्रत्येक विचित्र संकेताबरोबर २.४ गिगाहर्ट्झचाही झोत येतो, हे वेळ जुळवून दिसले. ही तीच पट्टी, जिच्यात आपले वाय-फाय चालते. म्हणूनच स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह सुरू असताना शेजारच्या खोलीतील लॅपटॉप अडखळत असेल तर तो भास समजू नये. असली राखण आपल्या वाटेवरही चालते. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागते, तेथून जवळच खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही महादुर्बीण आहे. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हे ती जागा निवडण्यामागील एक कारण होते, आणि आजही तिथे जाणाऱ्याला मोबाईल बंद ठेवावा लागतो.

नाशिकच्या बाजारपेठेत असा शांत कोपरा मिळणे नाही. भारताने २.४ गिगाहर्ट्झची पट्टी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त केली. ५ गिगाहर्ट्झच्या पट्टीत ऑक्टोबर २०१८ मध्ये मोठी सूट मिळाली. परवाना नाही म्हणजे कोणीही वापरावी, आणि सर्व जण वापरतात. २.४ ची पट्टी एकूण ८३.५ मेगाहर्ट्झ रुंदीची. एका वाहिनीला सुमारे २० मेगाहर्ट्झ लागतात. त्यामुळे एकमेकींना न स्पर्शता चालणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. एका अरुंद बोळात समोरासमोर तीस दुकाने व वर तीस बिऱ्हाडे असतील तर सारे राउटर या तीन वाहिन्यांत दाटीने बसलेले असतात. वाय-फायची रीत सभ्य आहे: आधी ऐकायचे, कोणी बोलत नसेल तरच बोलायचे. पण सभ्य माणसांच्या गर्दीत प्रत्येकाला थांबावेच लागते. सायंकाळी सात ते दहा, जेव्हा शेजारी मालिका पाहतात, मुले खेळ खेळतात आणि प्रत्येक दुकानाचा बिनतारी कॅमेरा चित्रण वर पाठवत असतो, नेमके तेव्हाच आपले हिशेबाचे काम सुरू होते. नेट दुपारी बारा वाजता चालते आणि रात्री आठ वाजता रडते, तर तक्रार ‘वेळे’ची आहे हे ओळखावे. उपाय दोन. मोबाईलवरील वाय-फाय तपासणीच्या एखाद्या अॅपने शेजार पाहून १, ६, ११ पैकी त्यातल्या त्यात रिकामी वाहिनी राउटरमध्ये निश्चित करावी. अथवा लॅपटॉप आणि राउटर एकाच खोलीत असतील तर लॅपटॉप सरळ ५ गिगाहर्ट्झवर न्यावा. तिथे वाहिन्या पुष्कळ आहेत आणि शेजाऱ्यांच्या भिंती, एरवी आपल्याला नडणाऱ्या, इथे आपल्याच कामी येतात. अनेक राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि लॅपटॉप त्या दोहोंत येरझारा घालतो. दोन वेगळी नावे दिली की ही येरझार थांबते.

उरला लॅपटॉप. घरातील सर्व मोबाईल, टीव्ही सुरळीत आणि हाच एक अडखळतो, अशी स्थिती असेल तर प्रथम विजेची बचत पाहावी. चार्जर काढला की नेट तुटते, किंवा पाच-दहा मिनिटे हात लावला नाही की तुटते, ही त्याची खूण. डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वाय-फायच्या नावावर जावे. तेथील पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची संगणकाला मुभा देणारी एक चौकट असते. तिच्यातील खूण काढावी. हे पान प्रत्येक लॅपटॉपवर दिसतेच असे नाही. ड्रायव्हर म्हणजे वाय-फायचा भाग चालवणारी आज्ञावली. विंडोजच्या एखाद्या अद्ययावतीकरणानंतर त्रास सुरू झाला असेल तर तेथेच ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर नेण्याची सोय आहे. तारीख जुनी असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा घ्यावा. दुकानात एक आणि घरात एक असे दोन राउटर असलेल्यांच्या लॅपटॉपला आणखी एक खोड असते. दुकानातून वर आणला तरी तो खालच्या राउटरचा क्षीण धागा सोडत नाही. वरच्या खोलीत खालच्या राउटरशी आपोआप जोडण्याची परवानगी काढून टाकावी.

व्यापाऱ्यांच्या टेबलावर हमखास आढळणारा एक गुप्त अपराधी मात्र वेगळाच आहे. टॅलीच्या नोंदींची प्रत ठेवण्यासाठी जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क. यूएसबी ३.० ची तार माहिती वाहू लागली की तिच्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीत गोंगाट गळतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्येच याविषयी सविस्तर टिपण प्रसिद्ध केले होते. दिवसाअखेर प्रत घ्यायची आणि त्याच वेळी विवरणपत्र चढवायचे, ही अनेक पेढ्यांची सवय. बिनतारी माउसही त्याच सुमारास अडखळत असेल तर संशय पक्का समजावा. हार्ड डिस्क लांब तारेने दूर ठेवावी, किंवा प्रत घेण्याचे काम आधी उरकून ती काढून ठेवावी.

या साऱ्यात एकच पथ्य पाळावे लागते. एका वेळी एकच बदल करावा आणि निदान एक दिवस त्याचा परिणाम पाहावा. वाहिनी बदलली, राउटर हलवला, ड्रायव्हर घातला आणि कंपनीही बदलली, तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही आणि चार महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. सारे करूनही जागाच वाईट असेल तर तार ओढणे हा सर्वांत कमी दिमाखाचा आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे. चांगली लॅन तार १०० मीटरपर्यंत निर्धास्त चालते. वाड्याच्या जिन्याच्या कडेने ती सहज वर जाते. लॅपटॉपला तारेचे छिद्र नसेल तर यूएसबीला लावायचा छोटा जोड मिळतो. ज्या टेबलावर विवरणपत्र भरले जाते तेवढे एक टेबल तारेवर आणावे. मोबाईल आणि टीव्ही खुशाल हवेवर राहू द्यावेत. एक्स्टेंडर घ्यायचाच तर तो नेट मेलेल्या खोलीत लावू नये. तिथे त्याला वाटायला काही मिळतच नाही. तो अर्ध्या वाटेवर, जिथे नेट अजून जिवंत आहे तिथे लावावा.

घाईच्या वेळी आणखी एक धोका दबा धरून असतो. नेट तुटले, तारीख जवळ आली, मोबाईलवर ‘कस्टमर केअर’ शोधले आणि वर आलेला पहिला क्रमांक फिरवला, असे घडते. त्या जागी फसवणूक करणाऱ्यांचे क्रमांक पेरलेले असू शकतात. पलीकडचा माणूस गोड बोलून पडदा दाखवणारे एखादे अॅप घालायला सांगतो आणि पुढच्या दहा मिनिटांत बँकेचे पान त्याच्या नजरेसमोर असते. सेवा कंपनीचा क्रमांक फक्त तिच्या बिलावरून किंवा अधिकृत अॅपमधून घ्यावा आणि तो आजच राउटरवर चिकटवून ठेवावा. पैसे गेलेच तर क्षणाचा विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

राउटरशेजारी एक छोटी वही ठेवली तर चारसहा दिवसांत ती बोलू लागते. तारीख, वेळ, खोली, कोणते यंत्र, मोबाईल चालत होता की नाही, दिवा कोणत्या रंगाचा होता, एवढ्या नोंदी पुरेत. तंत्रज्ञ दारात आल्यावर ‘नेट सारखे जाते’ असे सांगितले, तर तो राउटर बंद करून चालू करतो, एक पान उघडून दाखवतो आणि निघून जातो. त्याऐवजी वही उघडून त्याला सांगावे: ‘सोमवारपासून पाच वेळा तुटले. पाचही वेळा रात्री साडेसात ते नऊ या वेळात. दर वेळी राउटरपर्यंतचे पिंग अखंड होते, बाहेरचे तुटले होते, आणि गुरुवारी डबीवरचा दिवा दोन मिनिटे लाल होता.’ मग तो राउटरला हात लावत नाही. तो गच्चीचा जिना कुठे आहे ते विचारतो आणि तार तपासायला वर जातो.